घोरणें म्हणजे गाढ झोंप नव्हे

गेल्या वैशाखांत एका लग्नकार्याच्या निमित्तानें आम्हांस बिलोलीस चार दिवस राहण्याचा योग आला. नांदेड जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव मराठवाड्याच्या अगदीं पूर्वसीमेवर आहे. येथील नवाब सर्फराजखानाची जुनी मशीद प्रसिद्ध आहे. गांवाबाहेर पडून थोडें पुढें गेलें कीं येसगीपाशीं मांजरा नदी लागते, आणि पूल ओलांडला कीं तेलंगणांतील बोधनचा रस्ता सुरू होतो. त्यामुळें बाजारांत एकाच दुकानासमोर मराठी, तेलुगु आणि दखनी उर्दू ह्या तिन्ही भाषांत घासाघीस चाललेली ऐकूं येते. ऊन मात्र तिन्ही भाषिकांस सारखेंच भाजून काढतें. रात्रीं घरांत निजणें अशक्य, म्हणून पाहुणेमंडळींचीं अंथरुणें गच्चीवर पडलीं होतीं.

पहिल्याच रात्रीं आमची झोंप शेजारच्या गच्चीवरून येणाऱ्या घोरण्यानें उडाली. साधें घोरणें असतें तर कूस बदलून आम्ही पुन्हां निजलों असतों. परंतु हें घोरणें करवतीसारखें चढत चढत जाई आणि एकाएकीं बंद पडे. मग कांहींच नाहीं. दहा, पंधरा, वीस, असे आम्हीं उगाच मनांत आंकडे मोजले. तिसाच्या सुमारास घशांत अडकलेला घांस सुटावा तसा मोठा आवाज होऊन श्वास परत सुरू झाला. लग्नघरांतील मुलें जागीं होतीं. तीं पांघरुणांत तोंड खुपसून हंसत होतीं, आणि एकानें 'कुंभकर्ण' असें नांवहि ठेवून दिलें होतें. चांदण्यांत आम्हांस दिसलें तें निराळेंच. घोरणाऱ्या गृहस्थांच्या शेजारीं एक बाई अंथरुणांत उठून बसल्या होत्या, आणि घोरणें थांबलें कीं वांकून त्यांच्या नाकापाशीं हात धरीत होत्या.

सकाळीं चौकशी केली तेव्हां कळलें कीं हे गृहस्थ फौजेंतून निवृत्त झालेले हवालदार. गल्लींत त्यांना सगळे फौजीकाका म्हणतात. चोवीस वर्षें नोकरी झाली, त्यांतील पुष्कळशी काश्मीर आणि सिक्कीम इकडे. आतां वय छप्पन. निवृत्तीनंतर ते एका बँकेंत बंदूकधारी पहारेकरी म्हणून लागले, आणि तेथेंच हल्लीं त्यांच्यावर मोठी नामुष्की ओढवली होती. दुपारच्या वेळीं दारांतल्या स्टुलावर त्यांचा डोळा लागे. कोणा टवाळ गिऱ्हाइकानें मान टाकून निजलेल्या ह्या पहारेकऱ्याचें छायाचित्र मोबाइलवर काढून गांवभर धाडलें, आणि वरिष्ठांनीं लेखी समज दिली. पहाऱ्यावर निजणें हा सैन्यांत केवढा अपराध मानतात हें सांगावयास नको. १९५० च्या आर्मी ॲक्टमध्यें त्यास शिक्षा सांगितली आहे. ज्यानें बर्फांत रात्र रात्र उभें राहून पहारा केला, त्यास भर दुपारीं पंख्याखालीं जागें राहतां येऊं नये, ह्या गोष्टीनें तो गृहस्थ मनांतून पार खचला होता. "म्हातारा झालो, दुसरं काय," एवढेंच ते आम्हांस म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले. पांच मिनिटांत तें वर्तमानपत्र त्यांच्या छातीवर पडलेलें आम्हीं पाहिलें.

काकू मात्र मोकळेपणानें बोलल्या. "लोकांना वाटतं, नवरा घोरतो म्हणून हिला झोप नाही. हे घोरायलेत तवर मला काळजीच नाही हो. घोरणं थांबलं की माझ्या पोटात गोळा येतो." पुढें नांदेडच्या एका छातीरोगतज्ज्ञांस आम्हीं हें वाक्य जसेंच्या तसें सांगितलें, तेव्हां ते म्हणाले कीं पुस्तकांत ह्याहून चांगलें वर्णन सांपडणार नाहीं.

घोरणें हें गाढ झोंपेचें लक्षण, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. दिवसभर राबलेला मनुष्य ढाराढूर घोरूं लागला कीं घरांतील मंडळी कौतुकानें म्हणतात, बिचाऱ्याला झोंप तरी लागली! चरकानें आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य ह्यांस शरीराचे तीन उपस्तंभ म्हटलें आहे. त्यांतल्या मधल्या खांबास आंतून वाळवी लागावी आणि बाहेरून तो शाबूत दिसावा, अशी ह्या विकाराची तऱ्हा आहे. डॉक्टर मंडळी ह्यास ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. आपण त्यास निद्राश्वासरोध म्हणूं.

घडतें तें असें. घशाच्या मागच्या बाजूस श्वासाची वाट मऊ मांसाची आहे. नाकाप्रमाणें तिला हाडाचा आधार नाहीं. जागेपणीं तेथले स्नायु ताठ राहून वाट उघडी ठेवितात. झोंप लागली कीं ते सैल पडतात, जीभ मागें सरकते, आणि मुळांत वाट अरुंद असेल तर तिच्या भिंती थरथरूं लागतात. ही थरथर म्हणजेच घोरणें. भिंती एकमेकींस चिकटल्या कीं आवाज थांबतो, कारण आतां हवाच जात नाहीं. छाती आणि पोट मात्र हवेसाठीं जोर करीतच राहतात. रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो, हृदयावर ताण पडतो, आणि शेवटीं मेंदू निजलेल्यास क्षणभर जागा करतो. स्नायु ताठतात, वाट उघडते, आणि तो मोठा फुरफुराट होतो. ही जाग इतकी अल्प असते कीं निजलेल्यास तिचा पत्ताहि नसतो. पुन्हां झोंप, पुन्हां घोरणें, पुन्हां रोध. श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ थांबला तर तो एक रोध धरतात. असे पूर्ण किंवा अर्धवट रोध तासास पांचाहून कमी असल्यास चिंतेचें कारण नाहीं; पंधरापर्यंत सौम्य, तिसापर्यंत मध्यम आणि त्यापुढें तीव्र, अशी प्रतवारी आहे. तासास चाळीस रोध होणारा मनुष्य सात तास अंथरुणावर पडला, म्हणजे त्याची झोंप त्या रात्रीं दोनशें ऐंशी वेळां मोडली. एवढें होऊन सकाळीं त्यास विचारावें तर तो म्हणतो, "झकास झोंप झाली."

ह्या रोगाचें सर्वांत विलक्षण अंग आम्हांस हेंच वाटतें. डोकें दुखलें तर तें रोग्यास कळतें, पोट दुखलें तरी कळतें. परंतु ह्या दुखण्यांत रोगी स्वतः त्या जागीं हजरच नसतो. त्याच्या पदरीं पडतात ते केवळ दुसऱ्या दिवशींचे परिणाम: सकाळचें डोकेंदुखी आणि कोरडें तोंड, रात्रींतून तीनतीन वेळां लघवीस उठणें, विसराळूपणा, चिडखोरपणा, आणि बसल्या जागीं डोळा लागणें. ह्यांतील एकेक गोष्ट घेऊन तो निरनिराळ्या डॉक्टरांकडे जातो. फौजीकाकांस रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू होत्या आणि तरी दाब उतरत नव्हता. घोरण्याविषयीं त्यांना कोणी विचारलें नव्हतें, आणि त्यांनीं तरी तें कशास सांगावें? खरा साक्षीदार असतो तो शेजारीं निजणारा, आणि त्यास दवाखान्यांत सोबत नेण्याची आपल्याकडे पद्धत नाहीं.

हा विकार विरळा आहे असें मात्र कोणी समजूं नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं ३५ ते ६५ वर्षें वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी केली, ती २००४ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत शेंकडा १९.५ जणांच्या निजेंतील श्वासांत बिघाड आढळला, आणि त्याच्या जोडीला दिवसां झोंप येण्याची तक्रारहि असलेले शेंकडा ७.५ निघाले. २०१९ मध्यें सर्व जगाचा अंदाज बांधण्यांत आला, तेव्हां तिशी ते सत्तरीच्या दरम्यानच्या अशा लोकांची संख्या ९३ कोटींच्या वर भरली. प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी ह्यांचें फेब्रुवारी २०२२ मध्यें मुंबईस निधन झालें, त्या वेळीं डॉक्टरांनीं सांगितलेल्या कारणांत ह्या रोगाचें नांव होतें. पुष्कळांनीं तें त्या दिवशीं प्रथमच ऐकलें. आमच्या वाचक भगिनींसाठीं एक गोष्ट येथेंच सांगून ठेवितों. हा केवळ पुरुषांचा रोग नव्हे. पाळी बंद झाल्यानंतर स्त्रियांतहि तो वाढतो. त्या मोठ्यानें घोरत नसल्या तरी थकवा, निद्रानाश, उदासपणा ह्या रूपांनीं तो प्रगट होतो, आणि त्याचें खापर घरकामावर किंवा वयावर फुटतें.

मग माजी सैनिकांचीच गोष्ट वेगळी कां काढावी? पहिलें कारण अगदीं साधें आहे. शिपायी मनुष्य चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. पहांटेची कवाईत आणि धांव त्या दिवसापासून बंद पडते, पण भूक मात्र पलटणींतलीच राहते. कँटीनमधून मिळणारी रमची बाटली घरीं येते. मद्यानें घशाचे स्नायु अधिकच सैल पडतात. मानेचा घेर वाढतो आणि श्वासाची वाट तेवढीच अरुंद होते. दुसरें कारण म्हणजे मिळणारी नोकरी. बँक, गोदाम, कारखाना, जेथें तेथें ह्यांस पहाऱ्यावर नेमतात, आणि पाळ्या बदलत्या असल्यानें निजेचें वेळापत्रक विस्कटतें. तिसरें कारण शरीराचें नसून स्वभावाचें आहे. दुखणें अंगावर काढणें हें ज्यास वीस-चोवीस वर्षें शिकविलें, तो 'मला दिवसां झोंप येते' असली तक्रार घेऊन डॉक्टरकडे जाईल हें संभवत नाहीं. साताऱ्याजवळ अपशिंगें नांवाचें गांव आहे, तेथें घरोघर फौजी असल्यानें गांवाच्या नांवालाच लोक 'मिलिटरी' जोडतात. तशा ठिकाणीं निदान पारावर चार माजी सैनिक एकमेकांचीं दुखणीं तरी ऐकतात. मराठवाड्यांत फौजी विखुरलेले आहेत. बिलोली तालुक्यांतच सगरोळीस संस्कृति संवर्धन मंडळाचें सैनिकी विद्यालय आहे, आणि तेथून मुलें तयार होतात. परंतु निवृत्त होऊन परत आलेला शिपायी आपल्या गल्लींत बहुधा एकटाच असतो.

फौजीकाकांचा आणखी एक गैरसमज होता, तो मोठा मौजेचा म्हणून सांगतों. उंच ठाण्यांवर असतांना त्यांनीं आपल्या सोबत्यांचा श्वास निजेंत थांबतांना पाहिला होता. ताजे जवान वर गेले कीं त्यांचा श्वास चढे, उतरे, थांबे, परत सुरू होई. आणि खालीं उतरलें कीं सर्व पूर्ववत् होई. तेव्हां 'हें तसलेंच, बर्फाचें दुखणें, आपोआप जाईल' अशी त्यांनीं मनाची समजूत घातली होती. निरीक्षण खरें होतें, पण निष्कर्ष चुकला. उंचीवरील विरळ हवेंत जो श्वास थांबतो, त्यांत घशाची वाट उघडीच असते. मेंदूच श्वास घेण्याची आज्ञा क्षणभर देत नाहीं. बिलोलीच्या गच्चीवर आज्ञा सुटत होती आणि वाट बंद होती. पहिल्यांत छाती स्वस्थ असते, दुसऱ्यांत ती हवेसाठीं झगडत असते. काकूंनीं हा झगडा पाहिला होता. "पोट असं वरखाली होतं, अन् नाकातून वारंच नाही," असें त्या म्हणाल्या होत्या.

अमेरिकेंत माजी सैनिकांचें स्वतंत्र खातें आहे आणि त्याच्या दवाखान्यांत ह्या रोगाचे असंख्य रोगी येतात. यंत्रावांचून ज्यास निजतां येत नाहीं त्यास निम्मा अपंग धरून भत्ता देण्याची तरतूद तेथील नियमांत केली गेली, तिच्यावर वादहि पुष्कळ झाला. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें तेथल्या डॉक्टरांचें दुसरें निरीक्षण. इराक आणि अफगाणिस्तान येथून परतलेल्या ज्या शिपायांच्या मनावर युद्धाचा घाव राहिला, ज्यांना रात्रीं भयंकर स्वप्नें पडत, त्यांच्यांत निद्राश्वासरोधहि वारंवार आढळला. कशामुळें काय होतें ह्याचा उलगडा पुरता झालेला नाहीं. तथापि श्वासावर इलाज केल्यावर कित्येकांचीं दुःस्वप्नें कमी झालीं. उलट तोंडावर मुखवटा चढवितांच जीव घुसमटतो, म्हणून ह्याच लोकांनीं तो अधिक वेळां फेंकूनहि दिला.

त्या मुखवट्याची जन्मकथा थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्यें जो नांवाचा एक लठ्ठ पोरगा आहे, तो दार ठोठावतां ठोठावतांहि निजतो. १९५६ मध्यें अमेरिकन डॉक्टरांनीं अतिस्थूल आणि झोंपाळू अशा एका रोग्याचें वर्णन करतांना त्या पोराची आठवण धरून रोगास पिकविकचें नांव दिलें. झोंप हें स्थूलपणाचेंच फळ, असें तेव्हां मानीत. १९६५ मध्यें फ्रान्स आणि जर्मनी येथील संशोधकांनीं निजलेल्या रोग्यांच्या श्वासाचें यंत्रानें टिपण केलें, आणि खरा घोटाळा घशांत आहे हें उघड झालें. १९७६ मध्यें स्टॅनफर्डच्या गिलमिनो ह्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यास आजचें नांव रूढ केलें. परंतु इलाज काय? गळ्यास छिद्र पाडून खालून नळी बसविणें! रोध चुके खरा, पण जन्मभर गळ्यांत भोंक वागविणें कोणास आवडेल?

१९८० च्या जूनमध्यें ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें असाच एक रोगी गळा कापून घेण्यास तयार नव्हता. तेथील डॉ. कॉलिन सलिव्हन ह्यांनीं त्यास एक प्रयोग सुचविला. मऊ रबरी नळींतून हवा ओढली तर ती चपटी होते, तींतच हवा फुंकली तर फुगून उघडी राहते. मग निजलेल्याच्या नाकावाटे रात्रभर हलकीशी हवा कां फुंकूं नये? धूळ ओढणाऱ्या यंत्राची मोटर उलटी जोडून त्यांनीं फुंकणारें यंत्र बनविलें. नाकावरचा मुखवटा रोज रात्रीं चिकटद्रव्यानें चिकटवावा लागे. हवा सुरू होतांच रोध नाहींसे झाले आणि तो मनुष्य वर्षांनुवर्षांची उधारी फेडावी तसा निजला. पांच रोग्यांवरील ह्या प्रयोगांचा वृत्तान्त १९८१ च्या एप्रिलमध्यें 'लॅन्सेट' पत्रांत आला. लागलेला दाब होता साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याइतका. म्हणजे पेल्यांतील पाण्यांत नळी तेवढीच खोल बुडवून बुडबुडे काढावयास जेवढी फुंकर लागेल तेवढा, फार नाहीं. ह्या युक्तीचें लांबलचक इंग्रजी नांव आहे. लोक त्याच्या आद्याक्षरांनीं 'सीपॅप' म्हणतात. ह्यांत औषध नाहीं, प्राणवायूचें नळकांडेंहि नाहीं. खोलींतली साधी हवाच थोड्या जोरानें आंत जाते. यंत्रानें रोग बरा होत नाहीं हेंहि सांगितलें पाहिजे. चष्म्यानें डोळा बरा होत नाहीं, तसेंच हें आहे. ज्या रात्रीं लावाल त्या रात्रींपुरता उपयोग.

आमच्या आग्रहानें आणि त्याहून अधिक काकूंच्या हट्टानें फौजीकाका नांदेडास गेले. छातीला पट्टा, बोटाला प्राणवायु मोजणारी चिमटी आणि नाकाशीं बारीक नळी, अशी सामग्री घेऊन रात्र काढावी लागते. साधी तपासणी हल्लीं घरींहि होते. त्यांचे रोध तासास बेचाळीस भरले. यंत्राची किंमत पंचवीस-तीस हजारांपासून पुढें जाते, हें ऐकून त्यांनीं प्रथम नकारच दिला. माजी सैनिकांसाठीं केंद्रसरकारनें १ एप्रिल २००३ पासून आरोग्ययोजना चालविली आहे. तिचें सदस्यपत्र त्यांच्या ट्रंकेंत कागदांखालीं पडलें होतें. योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून तज्ज्ञाकडे चिठ्ठी, तज्ज्ञाची शिफारस, झोंपेच्या तपासणीचा अहवाल, एवढें जमलें म्हणजे यंत्र नियमाप्रमाणें मिळूं शकतें. फेऱ्या पडतात, सह्या लागतात, एखादा कागद हटकून राहून जातो. ज्या माजी सैनिकांच्या घरीं हा लेख वाचला जाईल, त्यांनीं सदस्यपत्र कोठें आहे तें आजच पाहून ठेवावें.

यंत्र घरीं आलें आणि खरी लढाई सुरू झाली. पहिल्या रात्रीं फौजीकाकांनीं तासाभरांत मुखवटा भिरकावला. त्यांना पलटणींतल्या गॅसमास्कच्या कवाइतीची आठवण झाली. दुसरी अडचण त्यांच्या मिशांची. झुपकेदार मिशांवर मुखवटा नीट बसेना, कडेनें हवा सुटून डोळ्यांत जाई. मिशी काढावी असें कोणी सुचवितांच तो विषय तेथेंच संपला! शेवटीं नाकपुड्यांशीं नुसत्या दोन मऊ गाद्या टेकतात असा लहान मुखवटा मिळाला आणि मिशी व श्वास ह्यांत तह झाला. काकूंनींहि एक शहाणपण केलें. रात्रीं जबरदस्ती करण्यापेक्षां त्यांनीं दिवसां दूरचित्रवाणीसमोर अर्धा तास मुखवटा लावून बसण्याची संवय लाविली. डॉक्टरहि हाच उपाय सांगतात. बिलोलीस वीज जाते तेव्हां काय, हा प्रश्न होता. हवा ओलसर करणारें गरम पाण्याचें पात्र बंद ठेविलें तर हें यंत्र एखाद्या विजेच्या दिव्याइतकीच वीज खातें, तेव्हां घरच्या इन्व्हर्टरवर रात्र निभावते. त्या पात्रांत नळाचें जड पाणी न घालतां शुद्ध केलेलें पाणी घालावें, आणि धुळीची गाळणी वेळच्या वेळीं साफ करावी, एवढी निगा पुरते. यंत्रें म्हणजे निर्दोषच, असेंहि नाहीं. जून २०२१ मध्यें फिलिप्स कंपनीनें आंतील फोम झिजून त्याचे कण श्वासांत जाण्याच्या भीतीनें लक्षावधि यंत्रें परत मागविलीं. म्हणून जुनें यंत्र कोणाकडून स्वस्तांत घेण्यापूर्वीं त्याचा नमुना आणि क्रमांक पाहावा.

यंत्राकडून किती आशा करावी ह्याचेंहि मोजमाप झालें आहे. हिंदुस्थानासह सात देशांतील २,७१७ रोग्यांवर झालेल्या चांचणीचा निकाल २०१६ मध्यें आला. ज्यांना आधींच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार जडला होता, त्यांचे पुढील झटके यंत्रानें कमी झाले नाहींत. दिवसांची झोंप मात्र उतरली आणि मनहि हलकें झालें. परंतु ह्या रोग्यांनीं यंत्र रात्रीं सरासरीनें अवघे ३.३ तास लावलें होतें. अर्ध्या रात्रीच्या उपचारानें पूर्ण रात्रीचें फळ मिळालें नसतें असें तज्ज्ञांपैकीं कांहींचें म्हणणें आहे, आणि आम्हांस तें पटतें. फौजीकाकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या अजून तीनच आहेत.

यंत्रावांचून कांहीं नाहीं का, असें पुष्कळजण विचारतात. वजन दहा टक्क्यांनीं उतरलें तर रोध सुमारें चौथा हिस्सा कमी होतात, असें अमेरिकेंतील एका दीर्घ पाहणीवरून २००० मध्यें दिसून आलें. कुशीवर निजण्यानेंहि कित्येकांस गुण येतो; युरोप-अमेरिकेंत पूर्वीं घोरणाऱ्या शिपायाच्या सदऱ्याला पाठीवर गोळा शिवीत, म्हणजे तो उताणा होत नसे, अशी एक दंतकथा सांगतात. निजण्यापूर्वीं मद्य आणि झोंपेच्या गोळ्या वर्ज्य. डिसेंबर २०२४ मध्यें अमेरिकेनें टिर्झेपटाइड हें वजन घटविणारें औषध स्थूल रोग्यांच्या मध्यम आणि तीव्र निद्राश्वासरोधासाठीं मान्य केलें. आणि आमच्या घरोघरच्या देवघरांतील एका वस्तूचेंहि नांव ह्या यादींत आलें आहे. जयपूरच्या डॉक्टरांनीं तीस रोग्यांपैकीं कांहींस सहा महिने शंख फुंकावयास लाविलें, बाकीच्यांस नुसता दीर्घ श्वास घेण्यास सांगितलें. २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें शंखवाल्यांची दिवसांची झोंप शेंकडा ३४ नीं उतरली आणि तासाचे रोध चार-पांचांनीं कमी झाले. घशाचे स्नायु ह्यानें बळकट होत असावेत. मंडळींनीं हर्षभरित होण्यापूर्वीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या: रोगी फक्त तीस होते, आणि बेचाळिसांतून पांच वजा केले तरी सदतीस उरतात. शंख अवश्य फुंकावा, पण यंत्र बंद करून नव्हे.

दिवाळीनंतर आमचें पुन्हां बिलोलीस जाणें झालें. आतां थंडी होती, म्हणून मंडळी माडीवर निजत होती. फौजीकाका आम्हांस स्वतः यंत्र दाखविण्यास घेऊन गेले आणि त्याच्या काचेवरील आंकडे एखाद्या पहाऱ्याच्या नोंदवहीप्रमाणें वाचून दाखविले: काल सहा तास वीस मिनिटें, परवां पांच तास, तेरवां लग्नाला गेलों होतों म्हणून गैरहजर. बँकेंतील समजपत्र अजून फाइलींतच आहे. तें मागें घ्यावें म्हणून डॉक्टरांच्या अहवालासह त्यांनीं अर्ज केला आहे, उत्तर आलेलें नाहीं. दुपारीं डोळा लागतो का, असें आम्हीं विचारलें. "कामावर नाही," ते म्हणाले. "रविवारी घरी लागतो. तेवढा लागू द्या की!"

काकूंना आम्हीं विचारलें कीं, आतां तरी तुम्हांला झोंप लागते ना? त्या हंसल्या. "कुठली हो. इतकं शांत असतं की मीच दचकून उठते, अन् यंत्राचा आवाज येतोय का ते ऐकते." मग त्यांनीं एका चिठोऱ्यावर लिहून ठेविलेली यादी आमच्या हातीं दिली. नाकाच्या गाद्या मधल्या मापाच्या, दोन जोड; गाळण्या सहा; आणि पुण्यास मिळाली तर नळीवर घालावयाची कापडी खोळ, थंडींत तिच्यांत पाणी सांचतें म्हणून.